१९ अक्षरांची ओळ

लायसीन, ग्लायसीन, आर्जिनीन, ग्लायसीन, लायसीन, ग्लुटामीन, ग्लायसीन, ग्लायसीन, लायसीन, व्हॅलीन, आर्जिनीन, ॲलानीन, लायसीन, ॲलानीन, लायसीन, थ्रिओनीन, आर्जिनीन, सेरीन, सेरीन.

अमिनो आम्लांच्या अक्षरांनी लिहिलेली ही ओळ एका माशाच्या अंगावरच्या चिकट्यात सापडली. दक्षिण कोरियातल्या दैजॉन शहरातल्या कोरिया ॲडव्हान्स्ड इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ती उतरवून घेतली आणि १९९८ साली छापली. मासा पूर्व आशियातल्या नद्यातळ्यांत राहणारा, मिशांचा, अंगावर एकही खवला नसलेला. त्याचं तेव्हाचं शास्त्रीय नाव पॅरासायलुरस असोटस, म्हणून ओळीचं नाव पॅरासिन-१. काम एवढंच की जखम झाली तर पाण्यातल्या जंतूंना आत शिरू द्यायचं नाही. कवितेचं रसग्रहण करताना आपण पाहतो की कुठलं अक्षर कुठे बसलं, ते तिथेच का बसलं आणि काढलं तर काय ढासळतं. हे सगळं या ओळीला विचारता येतं. मी विचारलं, आणि दर वेळी ओळीकडून चोख उत्तर मिळालं.

हे वाचन सुरतेच्या गोडादऱ्यात बसून केलेलं आहे. गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून येऊन स्थिरावलेल्या मराठी आणि अहिराणी बोलणाऱ्या घरांची दाटी आहे. कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी कापडबाजारात. जी तापी गावाकडे भुसावळजवळ हतनूरला, पुढे सारंगखेड्याला आणि प्रकाशाला अडवलेली पाहिली, तीच उकाई आणि काकरापार ओलांडून इथे येते आणि समुद्राला मिळते. त्यामुळे गोड्या पाण्यातला मासा आमच्या ताटाला नवा नाही. मरळ, वांब, शिंगी, मागूर, शिंगाळा, शिवडा ही नावं काळ्या मसाल्याच्या रश्शासोबतच तोंडात बसलेली आहेत. यातला शिवडा तर त्या कोरियन ओळीच्या धन्याच्याच कुळातला, सायलुरिडी कुळातला. आणि या माशांना ज्याचा हात लागला आहे त्याला त्यांचा चिकटा ठाऊक असतो. मागूर धरताना हाताला राख लावावी लागते, वांब साफ करताना मीठ आणि राख दोन्ही लागतात. आपण हा चिकटा धुऊन टाकतो, घासून टाकतो आणि स्वयंपाकाला लागतो. माझ्या मते माशाच्या अंगावरची सर्वांत वाचनीय गोष्ट तीच आहे.

ओळीकडे जाण्याआधी तिचा कागद पाहायला हवा. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, टणक झालेल्या पेशींचा असतो. जंतूंना आधी ही वाळलेली भिंत ओलांडावी लागते. माशाला ती सोय नाही. त्याच्या कातडीतल्या पेशी अगदी बाहेरच्या टोकापर्यंत जिवंत असतात, आणि त्यांच्या पलीकडे लगेच पाणी. हे पाणी म्हणजे जिवाणू, बुरशी आणि परजीवी यांनी भरलेली वस्ती. पावसाळ्यात गढूळ झालेल्या डबक्यात चिखलाला अंग घासत राहणाऱ्या शिंगीची कल्पना करा. ती एका क्षणासाठीही जंतूंपासून दूर नसते. जिवंत पेशी आणि ते पाणी यांच्यामध्ये जे काही आहे ते हा चिकटा आहे, आणि तोही बहुतांशी पाणीच. कातडीतल्या काही पेशी म्युसिन नावाची साखरेनं लगडलेली लांबलचक प्रथिनं बाहेर सोडतात. ती पाणी शोषून फुगतात आणि जाळं बनतात. हा थर सतत झडत राहतो, खालून नवा येत राहतो. ज्या जिवाणूनं आत्ता पाय रोवला, तो थोड्याच वेळात झडलेल्या चिकट्यासोबत वाहून जातो.

या जाळ्यात बरंच काही अडकवून ठेवलेलं असतं. लायसोझाइम असतं, जे जिवाणूंची भिंत फोडतं आणि जे अलेक्झांडर फ्लेमिंगनं पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली, नाकातल्या शेंबडाच्या अभ्यासातून जगापुढे मांडलं. जंतूंच्या साखरेला चिकटणारी लेक्टिनं असतात, प्रथिनं तोडणारी विकरं असतात, प्रतिद्रव्यं असतात. काही माशांच्या कातडीत अशा पेशी असतात की त्या फाटल्या की पाण्यात भीतीचा इशारा पसरतो आणि आसपासचे भाईबंद पळ काढतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी त्याचं १९३८ मध्ये वर्णन केलं. या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. पण मला त्या गर्दीतून ही एक ओळ उचलायची आहे, कारण तिच्यात कारागिरी उघडी दिसते.

पुन्हा ती ओळ घ्या आणि विद्युतभार लक्षात ठेवून वाचा. लायसीन आणि आर्जिनीन ही दोन अक्षरं धनभारित आहेत. लायसीन पाच वेळा आलं आहे, आर्जिनीन तीन वेळा. म्हणजे १९ पैकी ८ अक्षरं धन. ऋणभारित अक्षर एकही नाही. प्रथिनांच्या वर्णमालेत ॲस्पार्टिक आम्ल आणि ग्लुटामिक आम्ल अशी दोन ऋण अक्षरं आहेत आणि ती सर्रास वापरली जातात, पण इथे त्यांना पूर्ण मज्जाव आहे. उरलेल्या ११ अक्षरांत चार ग्लायसीन, म्हणजे सर्वांत छोटं, सर्वांत लवचिक अक्षर. आता ती ८ धन अक्षरं कुठे बसली आहेत ते मोजा: १, ३, ५, ९, ११, १३, १५, १७. सगळी विषम जागांवर. सम जागेवर एकही नाही. आणि या लांब ओळीत अंगानं भरलेलं, पाण्यापासून तोंड फिरवणारं अक्षर एकच आहे, व्हॅलीन. ते दहावं आहे. त्याच्या अलीकडे नऊ, पलीकडे नऊ.

मराठी वाचकाला १९ अक्षरं म्हटलं की शार्दूलविक्रीडित आठवल्याशिवाय राहणार नाही. लग्नात मंगलाष्टकं ज्या चालीवर म्हटली जातात ते हे वृत्त, चरणाला १९ अक्षरं आणि बाराव्यावर यती. त्यातले गुरू-लघू मोजले तर ११ गुरू आणि ८ लघू भरतात. पॅरासिनमध्येही ११ अक्षरं भाररहित आणि ८ भारित. हा योगायोग आहे, त्याला दुसरा काही अर्थ नाही. पण त्यानं एक चांगली सवय लागते. वृत्तात जसं प्रत्येक अक्षराचं वजन पाहतो, तसं इथे भार पाहायचा. अर्थ त्या वजनातच आहे.

कसा, ते पाहू. जिवाणूच्या पेशीभोवतीचं पटल बाहेरच्या बाजूला ऋणभारित असतं. आपल्या किंवा माशाच्या पेशींचं पटल बाहेरून जवळजवळ उदासीन असतं. ज्या रेणूंमुळे भार येतो ते आपल्याकडे मुख्यतः आतल्या बाजूला ठेवलेले असतात. म्हणून धनभारानं ठासून भरलेली ही ओळ पाण्यात सुटली की ती जिवाणूकडे ओढली जाते, त्याच्या पटलाला बिलगते आणि ते झिरपतं करून टाकते. मालकाच्या पेशींकडे मात्र ती वळत नाही. कोरियन संशोधकांनी तिची रक्ताच्या तांबड्या पेशींवर चाचणी घेतली तेव्हा त्या फुटल्या नाहीत. आपला आणि परका हा फरक ओळखण्यासाठी इथे डोळा, स्मृती, प्रशिक्षण काही लागत नाही. फरक भारातच लिहिलेला आहे. मला या ओळीत पहिली दाद इथे द्यावीशी वाटते.

दुसरी दाद पहिल्या अक्षराला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅरासिनची अक्षरं एका टोकाकडून आणि दुसऱ्या टोकाकडून कापून पाहिली गेली. सुरुवातीचं लायसीन काढलं की ओळ पटलाला धरूच शकेना, आणि मारकशक्ती गेली. धनभार अजून सात जागी शिल्लक होता, तरी गेली. म्हणजे भार किती यापेक्षा तो कुठे आहे याला महत्त्व आहे, आणि दारावरचं पहिलं अक्षर धन असणं अटळ आहे. कवितेत एखादा शब्द हलवला की ओळ पडते, तो शब्द कोणता हे चांगला वाचक बोट ठेवून सांगतो. इथे बोट ठेवायला प्रयोगशाळा लागली.

आता मूळ संहितेकडे. ही ओळ माशानं जंतू मारण्यासाठी वेगळी रचलेली नाही. ती हिस्टोन एच-२-ए या प्रथिनाची सुरुवात आहे. हिस्टोन म्हणजे डीएनए गुंडाळायची रिळं. आल्ब्रेख्त कॉसेल यांनी १८८४ मध्ये हंसाच्या रक्तपेशींतून ती वेगळी काढली होती. आपल्या एकेका पेशीतला सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए केंद्रकाच्या सूक्ष्म जागेत मावतो तो यांच्यामुळे: आठ हिस्टोनांचा एक गठ्ठा, त्याभोवती डीएनएच्या १४७ जोड्यांचा वेढा, मग पुढचा गठ्ठा. एच-२-ए सुमारे १३० अक्षरांचं प्रथिन आहे, आणि त्याचं हे सुरुवातीचं शेपूट त्या गठ्ठ्याबाहेर लोंबतं. डीएनए ऋणभारित असतो. त्याला धरून ठेवायचं तर शेपटात धनभार हवाच. एका ऋण वस्तूला सांभाळण्यासाठी जो गुण जमवला, तोच दुसऱ्या ऋण वस्तूला फोडायला कामी आला. केंद्रकात हे शेपूट वारसा जपतं, चिकट्यात हल्लेखोराला मारतं, आणि दोन्हीकडे अक्षर एकही बदलत नाही. हिस्टोन जिवाणू मारतात हे जेम्स हर्श यांनी १९५८ मध्येच दाखवलं होतं. पण त्याचा शरीर स्वतः असा उपयोग करून घेतं, तोही नेमका एवढाच तुकडा कापून, हे समजायला चाळीस वर्षं जावी लागली.

हे प्रथिन इतकं जुनं आणि इतकं जपलेलं आहे की तीच ओळ तुमच्या-माझ्या पेशीतही आहे. माणसाच्या एच-२-ए च्या नेहमीच्या रूपात पहिली १९ अक्षरं वाचली तर १७ तीच निघतात. फरक दोनच ठिकाणी: दहाव्या जागी व्हॅलीनऐवजी ॲलानीन, आणि पहिल्या जागी लायसीनऐवजी सेरीन. म्हणजे ज्या अक्षराशिवाय पॅरासिन पडतं, नेमकं तेच अक्षर आपल्या ओळीत नाही. आशियाई भेकाच्या जठरातून याच कोरियन गटानं १९९६ मध्ये बुफोरिन नावाचा ३९ अक्षरांचा तुकडा काढला होता, तोही एच-२-ए चाच. त्याची पहिली १९ अक्षरं पॅरासिनशी ताडून पाहिली तर १८ जुळतात. न जुळणारं पुन्हा पहिलंच. मासा, भेक, माणूस एकच पाठ घेऊन बसले आहेत, आणि माशाच्या प्रतीत आरंभी एक लायसीन आहे. या पाठभेदावर मी कितीही वेळ थांबू शकतो.

पण या सगळ्यात मला सर्वाधिक आवडते ती कापण्याची वेळ. २००२ मध्ये त्याच गटाचं पुढचं काम आलं. त्यात दिसलं की कातडीतल्या श्लेष्मल पेशींच्या आत, केंद्रकाबाहेर, अखंड एच-२-ए आधीपासून साठवलेलं असतं. कॅथेप्सिन-डी नावाचं कापणारं विकरही तिथेच असतं, पण निष्क्रिय, म्यानात घातलेलं. माशाला इजा झाली की दुसरं एक विकर जागं होतं, ते कॅथेप्सिन-डी ला म्यानातून काढतं, आणि मग कॅथेप्सिन-डी एच-२-ए मधला एकच जोड तोडतं: १९ आणि २० या अक्षरांमधला. ओळ सुटी होते आणि चिकट्यात उतरते. १९९८ च्या पहिल्या प्रयोगातही जखमी केलेल्या माशाच्याच चिकट्यात पॅरासिन मिळालं होतं. सुखरूप माशाच्या अंगावर ते नसतं.

यात जी काटकसर आहे ती पाहा. चोवीस तास विष बाळगत बसायचं नाही. नवं प्रथिन घडवायला तास लागतात, जंतूला आत शिरायला तेवढा वेळ लागत नाही, म्हणून घडवत बसायचं नाही. घरात जे आहे तेच, ते ज्या रूपात आहे त्याच रूपात, एका घावात वापरायचं. आणखी एक बारकावा: केंद्रकातल्या हिस्टोनांच्या शेपटावरच्या लायसीनवर पेशी अनेकदा ॲसिटिल गट चढवते, आणि तो चढला की धनभार झाकला जातो. पेशीद्रवात साठवलेलं एच-२-ए ॲसिटिल न चढवलेलं असतं. एकही धार बोथट केलेली नाही. मोठ्या लेखकाचा संयम जसा न लिहिलेल्या वाक्यांत कळतो, तसा इथला संयम ओळ राखून ठेवण्यात आहे.

तिची ताकद किती, याला तुलना हवी. मायकेल झास्लॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन शोधलं. शस्त्रक्रिया केलेले बेडूक घाण पाण्याच्या टाकीत सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नव्हत्या, हे पाहून ते त्या वाटेला लागले. त्या मॅगेनिन-२ च्या तुलनेत पॅरासिन वेगवेगळ्या जंतूंवर १२ ते १०० पट प्रभावी ठरलं. हे आकडे वाचून लगेच औषधाची स्वप्नं पाहू नयेत. मॅगेनिनवरून घडवलेलं पेक्सिगानान हे मलम मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी पुढे आलं होतं, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला परवानगी नाकारली. असे तुकडे शरीरातली विकरं पटकन चिरून टाकतात, आणि ते बनवणं महाग पडतं. पॅरासिन माशाच्या चिकट्यात, माशाच्या जखमेवर, त्या काही क्षणांसाठी श्रेष्ठ आहे. ओळ आपल्या संदर्भात वाचावी हे इथेही खरं.

आणि तिथेही ती अजिंक्य नाही. १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात शिरलेल्या व्रणरोगानं गोड्या पाण्यातले मासे सडवले, आणि त्यात मरळीसारख्या चिवट माशांचाही मोठा बळी गेला. तो रोग ॲफॅनोमायसिस इन्वॅडन्स या पाणबुरशीचा, आणि ती बहुधा आधीच खरवडलेल्या, कमजोर झालेल्या कातडीतून आत शिरते. फ्लेवोबॅक्टेरियम कॉलम्नेअर हा जिवाणू तर चिकट्याच्या वासानं माशाकडे ओढला जातो. ज्या थरानं राखण करायची त्यालाच वाट बनवणारे शत्रू आहेत. म्हणून चिकट्याची भिंत एका रेणूवर उभी नाही. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात माशांच्या कातडीचा अभ्यास कित्येक वर्षं चालत आला आहे. तिथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये रोहू, कटला, मृगळ, रीटा आणि डोक या पाच माशांच्या चिकट्यातली संरक्षक द्रव्यं शेजारी ठेवून मोजली आणि दाखवलं की ज्याचं त्याचं पाणी जसं, तसा त्याचा चिकटा. वरच्या थरात फिरणारा कटला आणि चिखलात राहणारा डोक यांची शिबंदी सारखी नसते. प्रत्येक जातीनं आपापल्या पाण्यासाठी स्वतंत्र पाठ तयार केला आहे.

त्यामुळे हा चिकटा नुसता पुसला तर नेमकं काय पुसलं जातं हे आता सांगता येतं. कोरड्या हातानं, फडक्यानं किंवा गोणपाटानं जिवंत मासा धरला की जाळं निघतं, झडण्याची साखळी तुटते, लायसोझाइम आणि प्रतिद्रव्यं जातात, आणि खालच्या जिवंत पेशी उघड्या पडतात. मग काही दिवसांनी तिथे कापसासारखी सॅप्रोलेग्निया बुरशी धरते. शेततळ्यात बीज सोडणाऱ्यांना आणि मत्स्यटाकी ठेवणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. पॅरासिनसारखी ओळ जखमेला धावून येते, पण धावायला तिला चिकट्याचं अंगण लागतं.

ताटात जाणारा मासा राखेनं घासा, मिठानं घासा, त्यात काही बिघडत नाही. पण जो मासा पुन्हा पाण्यात सोडायचा आहे, मग तो तापीत गळाला लागलेला लहान शिंगाळा असो, खान्देशातल्या शेततळ्यातलं रोहूचं पिल्लू असो की घरातल्या काचेच्या टाकीतला, त्याला हात लावण्याआधी हात त्याच पाण्यात पूर्ण ओले करा, गाठीचं खरखरीत जाळं टाळा, आणि पाण्याबाहेर जितका कमी ठेवता येईल तितका ठेवा.